उशाखालचं पिस्तूल

'साहेब, माझं वय ४६. दादरला वडिलोपार्जित छोटी सराफी पेढी, राहायला मुलुंड पूर्वेला, पाचवा मजला. तीन वर्षांपूर्वी दुकान बंद करताना आमच्यावर हल्ला झाला. बॅग वाचली, पण दुकानातल्या माणसाच्या हाताला बारा टाके पडले. त्यानंतर रीतसर परवाना काढून ३२ बोअरचं पिस्तूल घेतलं. टेक्सासला राहणारा माझा आतेभाऊ म्हणतो, चेंबरमध्ये गोळी नसेल तर ते पिस्तूल नव्हे, पेपरवेट. मला पटलं. गेले सात-आठ महिने चेंबर भरून, लॉक लावून, रात्री उशाखाली ठेवतो. सकाळी खाली करून कपाटात. परवा सकाळी ते उशाखालीच राहिलं. बायकोनं चादर ओढली, तसं पिस्तूल फरशीवर पडलं. काही झालं नाही, पण तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलत नाही. मुलगा १३ वर्षांचा, मुलगी ५, आई ७६. चेंबर भरलेलं ठेवावं की रिकामं? एकदाच काय ते सांगा. – एक वाचक'

मुलुंडकर,

एकदाच सांगतो. घरात चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाचं गोळी बसायचं घर, रिकामं, आज रात्रीपासून. आणि ते पिस्तूल उशाखालून हलवा. नुसता हुकूम देऊन थांबलो असतो, पण मग पुढच्या व्हिडिओ कॉलवर आतेभाऊ तुम्हाला परत फिरवणार. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आतेभावाची बाजू, कारण ती खोटी नाही. रिकाम्या चेंबरचं पिस्तूल चालवायचं तर गोळी चढवायला स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढून सोडावी लागते, आणि त्याला दोन हात लागतात. एका हातात बॅग असेल, दुसऱ्या हाताने कुणाला ढकलत असाल, हाताला घाम असेल, तर ते जमेलच असं नाही. घाबरलेला माणूस स्लाइड अर्धवट ओढतो आणि गोळी वाकडी अडकते. सराव असलेल्या हातालाही त्यात थोडा वेळ जातोच. आता अंतर बघा. १९८०च्या दशकात सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांतल्या डेनिस ट्युलर नावाच्या प्रशिक्षकाने मोजून दाखवलं होतं, की चाकू घेतलेला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात पार करतो. तुमचा हॉल २१ फुटांचा आहे का? मुंबईत तेवढा हॉल असलेला माणूस मला पत्र पाठवत नाही. तेव्हा सेकंदाचा हिशेब खरा आहे.

पण तो हिशेब कुणासाठी केलेला आहे? चेंबर भरलेलं पिस्तूल दिवसभर कमरेला लावणारा माणूस ते होल्स्टरमध्ये घालतो आणि रात्रीपर्यंत त्याला हात लावत नाही. त्याचं पिस्तूल बहुधा नव्या धाटणीचं असतं, आणि चाप ओढल्याशिवाय गोळीवर आपटणारी पिन पुढे जाऊच नये असा अडसर त्यात बसवलेला असतो. त्याला हवी तेवढी काडतुसं मिळतात, महिन्यातून दोनदा तो रेंजवर जातो. तुम्हाला वर्षाला परवान्यावर लिहिली असतील तेवढीच मोजकी काडतुसं मिळतात. खरं सांगा, पिस्तूल घेतल्यापासून किती झाडलीत? पन्नास? आतेभावाने तुम्हाला त्याची सवय दिली, पण तिच्यामागचा सराव तो कुरियरने पाठवू शकत नाही.

याची उलटी पद्धतही जगात आहे. मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची डबी) भरलेलं, चेंबर रिकामं, आणि पिस्तूल बाहेर काढतानाच स्लाइड ओढायची. हिला 'इस्रायली पद्धत' म्हणतात. कारण असं सांगतात, की सुरुवातीच्या काळात त्यांच्याकडे ठिकठिकाणहून आलेली, निरनिराळ्या लॉकची पिस्तुलं होती. प्रत्येकाला प्रत्येक लॉक शिकवण्यापेक्षा सगळ्यांना एकच सवय लावणं सोपं होतं. म्हणजे यात शूर कोण आणि भित्रा कोण हा प्रश्नच नाही. हत्यार कोणतं, माणूस किती सरावलेला आणि जागा कुठली, यावर ते ठरतं.

तुमच्या जागेचं बघू. पाचवा मजला, खाली वॉचमन, बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर, आत लाकडी दार. रात्री कुणी शिरायचं ठरवलं तर त्याला दोन दारं फोडावी लागतील आणि त्याचा आवाज निम्मी बिल्डिंग ऐकेल. जो एक सेकंद वाचवण्यासाठी तुम्ही भरलेल्या चेंबरवर डोकं ठेवून झोपता, तो सेकंद तुम्हाला कडी-कोयंड्याने आधीच मिळवून दिलाय, आणि वर चांगली दोन-तीन मिनिटं दिली आहेत. तेवढ्यात ११२ लागतो, मुलांना आतल्या खोलीत नेता येतं, चेंबरही भरता येतं.

शिवाय रात्री अडीच वाजता तुमच्या खोलीच्या दाराशी सावली हलली, तर ती कुणाची असेल? आई ७६ वर्षांच्या आहेत, रात्रीतून दोन-तीनदा उठत असतील. मुलगा पाणी प्यायला उठतो, पाच वर्षांची पोर स्वप्न पडलं की तुमच्याकडेच धावत येते. गाढ झोपेतून उठलेल्या माणसाचं बोट त्याच्या डोक्याच्या आधी जागं होतं. स्लाइड ओढायला लागणारा तो क्षण माणसाला जागं करतो, आणि घरात मला तो हवाच आहे. तुम्ही दाराच्या दिशेने झाडलेली गोळी दारापाशी थांबेलच असंही नाही. ३२ बोअरची गोळी तशी नरम समजतात, पण प्लायवुडचं पार्टिशन किंवा फ्लशचं दार तिला रोखत नाही. पार्टिशनच्या पलीकडे कोण झोपतं, ते तुम्हाला माहीत आहे.

मी पोलीस खात्यात बत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा हत्यारांच्या कोठारात. एवढ्या काळात चुकून सुटलेल्या गोळ्या बऱ्याच बघितल्या, आणि त्यातली एकही चोर समोर असताना सुटलेली नव्हती. सगळ्या भरताना, खाली करताना, पुसताना, दुसऱ्याच्या हातात देताना सुटल्या.

एक सांगतो. ठाणं कुठलं ते विचारू नका. ड्यूटी संपवून एक हवालदार पिस्तूल जमा करायला आला. नोकरीला वीस वर्षं झालेला, शिस्तीचा माणूस. आमच्या टेबलाशेजारी वाळूची पेटी असायची, तिच्यात नळी धरूनच हत्यार खाली करायचं असा नियम. घरी मुलगी आजारी होती, त्याचं अर्धं लक्ष तिकडे. त्याने स्लाइड ओढली, एक गोळी उडून टेबलाखाली गेली. मग मॅगझिन काढलं. खाली वाकून गोळी उचलली, मोजून माझ्यापुढे ठेवली. त्याच्या मते पिस्तूल खाली झालं होतं. मग सवयीप्रमाणे वाळूत नळी धरून चाप दाबला. धाड! खोलीभर वाळू. माझ्या रजिस्टरवर वाळू, चहात वाळू. तो नुसता हाताकडे बघत उभा राहिला. दहा मिनिटं त्याला खुर्चीवर बसवून ठेवलं होतं.

चुकला कुठे? क्रम. मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली, की जुनी गोळी बाहेर पडते आणि परतताना स्लाइड मॅगझिनमधली नवी गोळी चेंबरमध्ये ढकलते. नंतर मॅगझिन काढलं तरी ती आतच राहते. बहुतेक पिस्तुलं मॅगझिन नसतानाही ती गोळी झाडतात. काहींत ते होऊ नये अशी सोय असते, पण तिच्या भरवशावर राहू नका. म्हणून आधी मॅगझिन, ते खिशात. मग स्लाइड दोन-तीनदा, शेवटी मागे अडकवून. मग चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि करंगळीचं टोक घालून चाचपायचं. अंधारात डोळा फसतो, बोट फसत नाही. भोक लागलं तर रिकामं, गुळगुळीत पितळ लागलं तर भरलेलं.

आता तुमच्या पत्रातली ओळ परत वाचा. 'सकाळी खाली करून कपाटात.' म्हणजे गेले सात-आठ महिने तुम्ही रोज रात्री चेंबर भरता आणि रोज सकाळी रिकामं करता. दिवसाला दोन खेपा, महिन्याला साठ. सकाळी डबे, शाळेची बस, दुकानाची घाई. आमच्याकडे वाळूची पेटी होती, तुमच्या बेडरूममध्ये काय आहे? चेंबर भरलेलं की रिकामं यावर लोक तावातावाने भांडतात. मी म्हणतो, आधी हात किती वेळा लागतो ते मोजा. परवा तर हा क्रम पाळायचाच राहिला आणि चादर ओढायची पाळी वहिनींवर आली.

याच सवयीचा आणखी एक तोटा आहे, तो दुकानदार सहसा सांगत नाहीत. तीच तीच गोळी चेंबरमध्ये चढवली-उतरवली, की दर वेळी तिचं नाक आपटतं आणि शिसं हळूहळू पितळी नळकांड्यात आत सरकतं. आतली जागा कमी झाली की झाडताना दाब वाढतो, कधी हत्यारालाच इजा करण्याइतका. वरची गोळी आणि मॅगझिनमधली सगळ्यात खालची गोळी शेजारी शेजारी उभ्या करून बघा. वरची बुटकी दिसली तर ती वापरू नका, परवानाधारक विक्रेत्याकडे द्या.

लॉकचं म्हणाल तर लॉक चांगली गोष्ट आहे, पण ते नक्की काय अडवतं ते माहीत हवं. जुन्या नमुन्याच्या अनेक पिस्तुलांत लॉक चापाला किंवा घोड्याच्या (पिनवर आपटणाऱ्या भागाच्या) खाचेला धरतं, खुद्द पिनला नाही. असं पिस्तूल नळीच्या तोंडावर आपटलं, तर पिन स्वतःच्या वजनाने पुढे जाऊन गोळीवर बसू शकते. तुमचं आडवं पडलं असावं. पडलेल्या हत्याराची तपासणी करून घ्या. पूर्ण खाली करून, काडतुसं वेगळी ठेवून, परवाना बरोबर घेऊन विक्रेत्याच्या मिस्त्रीकडे न्या. खाच झिजलीय का, पिनचा स्प्रिंग ठीक आहे का, पिनला अडसर आहे की नाही, हे त्याला स्पष्ट विचारा.

'मग रिव्हॉल्वर घेऊ का?' असं तुमच्या मनात येईल. रिव्हॉल्वरचं भांडण वेगळं. तिथे स्लाइड नाही, गोळ्यांच्या घरांचं चक्र फिरतं. जुन्या रिव्हॉल्वरमध्ये घोडा थेट गोळीच्या बुडातल्या टोपीवर टेकतो, म्हणून जाणती माणसं सहा घरांत पाचच भरत आणि घोड्याखाली रिकामं घर ठेवत. नव्या बनावटीत घोड्याला अडवणारी पट्टी असते. १ ऑक्टोबर २०२४ ची पहाट मुंबईकरांना आठवत असेल. अभिनेता गोविंदा कोलकात्याला निघायच्या तयारीत होते, जुहूच्या घरी परवान्याचं रिव्हॉल्वर कपाटात ठेवताना हातातून निसटलं आणि गोळी त्यांच्याच पायात, गुडघ्याखाली शिरली. तिथेही चोर नव्हता, कपाट होतं.

घरातली व्यवस्था अशी करा. छोटी लोखंडी पेटी मिळते, आकडे दाबून उघडणारी. ती कपाटाच्या आत चार स्क्रूंनी भिंतीला बसवा, नाहीतर चोर पेटीच उचलून नेईल. पेटीत पिस्तूल, चेंबर रिकामं. भरलेलं मॅगझिन पिस्तुलात लावून ठेवावं की वेगळं? पाच वर्षांची मुलगी घरात आहे म्हणून मी वेगळं म्हणेन, त्याच पेटीत पण बाजूला. मॅगझिन भरून ठेवल्याने स्प्रिंग मरतो ही भीती सोडा. स्प्रिंग झिजतो तो दाबण्या-सोडण्याने. जुन्या गोदरेजच्या कपाटावर भिस्त ठेवू नका. त्याची किल्ली साड्यांच्या घडीखाली असते हे घरातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं, फक्त वडिलांना वाटतं की नाही. तेरा वर्षांचा मुलगा मित्राला एकदा तरी दाखवणारच. ते वयच तसं. त्याच्यापासून हत्यार असल्याचं लपवू नका, त्याला समोर बसवून बोला. पण त्याच्या शहाणपणावर चेंबर सोपवू नका.

आणखी एक विचारतो, रागावू नका. घरात कुणी खूप उदास आहे का, कुणाचं पिणं वाढलंय का? असेल तर चेंबरचा विषयच बाजूला ठेवा, काही दिवस हत्यार घराबाहेर रीतसर जमा करा. निवडणुकीत लोक पोलीस ठाण्यात जमा करतातच, परवानाधारक विक्रेत्याकडेही ठेवता येतं.

रस्त्याबद्दल माझं मत घराइतकं ठाम नाही. खरा धोका तुम्हाला तिथेच आहे, शटर ओढण्यापासून गाडीत बसेपर्यंत. पिनला अडसर असलेलं पिस्तूल, चाप पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर आणि मनगटात सराव, हे तिन्ही असतील तर बाहेर चेंबर भरलेलं ठेवणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. तुमच्याकडे आज यातलं एकही असल्याचं पत्रावरून दिसत नाही. नुसतं पँटमध्ये खोचणं किंवा बॅगेत किल्ल्यांबरोबर टाकणं तर नकोच. एखादी किल्ली चापाच्या कडीत शिरली की संपलं. तेव्हा सध्या बाहेरही रिकामं चेंबर, आणि स्लाइड ओढायचा सराव. तो घरी डमी काडतुसांवर करा, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, भरीव भिंतीकडे तोंड करून. रोज दहा मिनिटं, महिनाभर. मग एखाद्या रेंजवर जाऊन प्रशिक्षकासमोर करून दाखवा, आणि तो काय म्हणतो ते आतेभावाला कळवा.

आणि बॅग तुमच्या हातात असेल तर या साऱ्याला अर्थ नाही. बॅग माणसाकडे, तुमचे दोन्ही हात मोकळे. त्याहून बरं म्हणजे माल दुकानाच्या तिजोरीतच राहू द्या, आणि निघायची वेळ रोज साडेनऊची असेल तर मोडा. तीन वर्षांपूर्वी त्यांनी तुमच्यावर आठवडाभर तरी नजर ठेवली असणार.

कायद्याचं थोडक्यात. रात्री घर फोडून शिरणाऱ्याविरुद्ध भारतीय न्याय संहितेने तुम्हाला मोठा अधिकार दिलाय. कलम ४१ प्रमाणे तो प्रसंगी जीव घेण्यापर्यंत जातो. पण कलम ३७ म्हणतं, बचावाला लागेल त्याहून जास्त इजा नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हा अधिकारच नाही. पळणाऱ्याच्या पाठीत झाडलेली गोळी बचावाची ठरवणं फार अवघड जातं. चुकून सुटलेल्या गोळीला तर बचावाचं कलमच लागत नाही. निष्काळजीपणाने कुणाचा जीव धोक्यात घातला तर २०१९च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. जीव गेला तर न्याय संहितेचं कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. परवाना जातो तो वेगळाच. आणि परवाना तुमच्या एकट्याच्या नावावर आहे. चादर ओढताना ते पिस्तूल वहिनींच्या हातात सुटलं असतं, तर जबाब दोघांनाही द्यावा लागला असता.

वहिनींशी वाद मिटवायचा असेल तर माफीपेक्षा कृती बघतील त्या. पेटी बसली की एकदा त्यांना शेजारी उभं करा, मॅगझिन काढा, स्लाइड मागे अडकवा आणि रिकामं चेंबर दाखवा. त्यांचं समाधान होईपर्यंत दाखवा.

पावसाळा तोंडावर आहे म्हणून एक सांगून ठेवतो. चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून पिस्तूल पेटीत ठेवू नका. मुंबईच्या हवेत चामडं ओल धरतं, जुलैअखेर स्लाइडवर गंज आणि काडतुसांवर हिरवट राप दिसेल. नुसतं ठेवा, तेलाचा हलका हात फिरवून, शेजारी सिलिका जेलच्या चार पुड्या. आणि पेटीचा आकडा मुलीची जन्मतारीख ठेवू नका. भावाला ती पाठ असते.